पगार बंद झाला, काम संपलं का?



आपल्यापैकी बहुतेकजण आता पेन्शनवर आहोत. "खूप केलंत, आता आराम करा," असं मुलं सांगतात. पण पहिले दोन-तीन महिने गेले की पुष्कळांना दिवस खायला उठतो. पैशाची अडचण नसते, तब्येत बरी असते, तरी मन लागत नाही. असं का होतं, हे समजायला हैफा विद्यापीठातल्या प्रा. इत्झाक हारपाझ यांचं संशोधन उपयोगी पडतं. माणूस काम का करतो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय.

१९८० च्या सुमारास इस्राएल, जपान, अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, हॉलंड आणि युगोस्लाव्हिया अशा आठ देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन हजारो नोकरदारांना सारखेच प्रश्न विचारले. इस्राएलच्या बाजूने त्यात हारपाझ होते. या कामाचं पुस्तक १९८७ साली आलं. फक्त इस्राएलवरचं हारपाझ यांचं पुस्तक १९९० साली निघालं.

त्यातला एक प्रश्न असा: तुम्हाला मोठी लॉटरी लागली आणि जन्मभर पुरेल इतका पैसा मिळाला, तर तुम्ही काम चालू ठेवाल का? आठ देशांत मिळून १०० पैकी सुमारे ८६ जणांनी "हो" म्हटलं. इस्राएलमध्ये ८७, जपानात ९३, ब्रिटनमध्ये ६९.

तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातं! म्हणून हारपाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अमेरिकेत ज्यांना खरोखर लॉटरी लागली होती अशा ११७ जणांची माहिती घेतली. ती २००४ साली छापून आली. त्यातल्या १०० मागे ८५ जणांनी काही ना काही काम चालूच ठेवलं होतं. रक्कम फार मोठी असली तर काम सोडण्याकडे कल जास्त होता, पण ज्यांच्या आयुष्यात कामाला मोठी जागा होती ते सहसा सोडत नव्हते.

मग पगाराशिवाय काम आपल्याला देतं काय? या अभ्यासात सहा गोष्टी धरल्या होत्या. पहिली अर्थात पैसा. दुसरी मान. तिसरी म्हणजे दिवस भरलेला राहणं. चौथी माणसांची गाठभेट. पाचवी, आपण समाजाच्या उपयोगी पडतो ही जाणीव. सहावी, त्या कामातलीच गोडी.

आता बघा, ६७ वर्षं झाली की पुरुषांना पेन्शन सुरू होते. ती सहापैकी फक्त एकाच गोष्टीची भरपाई करते, पैशाची, तीसुद्धा अर्धीमुर्धी. बाकीच्या पाच गोष्टी बितुआह लेउमी आपल्या खात्यात जमा करत नाही! मी नर्स होते. वॉर्डमध्ये हार्टचे पेशंट जरा सावरले की विचारायचे, "सिस्टर, कामावर कधी जायला मिळेल?" तेव्हा वाटायचं, यांना पगाराची काळजी आहे. काहींना ती असेलही. पण पुष्कळांना आपली जागा जाईल याची धास्ती असायची.

हारपाझ यांनी कामाच्या व्यसनाचाही अभ्यास केला. गरज नसताना ज्याचा वेळ आणि डोकं सतत कामातच अडकलेलं असतं, त्याला ते कामाचं व्यसन म्हणतात. म्हणजे दिमोना, लोद, अश्दोदमध्ये येऊन ज्यांनी मुलांसाठी दोन-दोन पाळ्या केल्या ते व्यसनी नव्हेत. ती गरज होती. आपले कोकणातले पूर्वजसुद्धा आठवडाभर तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. कामाला जागा होती, विश्रांतीलाही होती.

म्हणून माझं सांगणं असं. या पाच गोष्टींपैकी आपल्याकडे सध्या कोणती कमी आहे ते स्वतःला विचारा. माणसं कमी पडत असतील तर मोआदोनला जा, नाहीतर रोज दोघांना फोन करा. उपयोगी पडल्यासारखं वाटत नसेल तर नातवंडांना मराठी शिकवा, कुणाकडे मलिदा असला की पोहे भिजवायला, नारळ खवायला हात लावा. वेळ ठरवून केलेलं थोडं काम पुरतं.

आणि घरातल्या मुलासुनांना एक विनंती. "आई, तुम्ही बसा" हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण हात चालत असेल तर त्यांच्यासमोरची भाजीची टोपली काढून घेऊ नका. वेळ लागेल, मटार इकडेतिकडे सांडतील. सांडू द्या.