चोरीची तुळई आणि परतीची वाट

चोरलेली तुळई कुणी आपल्या घराच्या बांधकामात बसवली आणि पुढे त्याला उपरती झाली, तर? प्राचीन ज्यू धर्मपंडितांत यावर वाद झाला. शम्माईच्या अनुयायांनी सांगितलं, घर पाडा आणि तुळई परत करा. हिल्लेलच्या अनुयायांनी किमतीवर भागवलं: घरच पाडावं लागणार असेल, तर चोर कबुली कशाला देईल? पुढे हेच मत कायदा ठरलं.

या वादाच्या मुळाशी आहे ‘तेशुवा’, म्हणजे पश्चात्ताप. ज्यू परंपरेत तो निव्वळ मनातल्या मनात उरकत नाही. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेली मिशना ही ज्यू धर्मनियमांची संहिता बजावते, की योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, देवाविरुद्धची पापं धुतो. माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते. आधी पाप करू, मग पश्चात्ताप करू, असा हिशेब मांडणाऱ्याला तर पश्चात्तापाची संधीच मिळत नाही.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मायमोनिडीस या ज्यू पंडिताने या विषयाचे नियम दहा प्रकरणांत बांधले. पाप सोडायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, खंत धरायची, तोंडाने कबुली द्यायची. ज्याचा अपराध केला तो वारला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं. पश्चात्तापाची खरी कसोटी मात्र पुढेच: तीच संधी, तीच ताकद, तोच मोह समोर असताना माणूस मागे फिरतो का?

दुसऱ्या बाजूलाही बंधन आहे. बदललेल्या माणसाला त्याचं पूर्वायुष्य ऐकवायला मिशनेत मनाई आहे. ती मोडली की काय होतं, हे तालमूद हा ज्यू धर्मचर्चांचा ग्रंथ रेश लाकिशच्या कथेतून दाखवतो. हा तिसऱ्या शतकातला दरोडेखोर. रब्बी योहाननने त्याला धर्माभ्यासाकडे वळवलं, बहीण दिली, बरोबरीचा पंडित केलं. प्रेमापोटी केलेला पश्चात्ताप जाणूनबुजून केलेल्या पापांचंही पुण्य करतो, हा विचार त्याच्याच नावावर आहे. एकदा हत्यारांच्या शुद्धाशुद्धतेवर वाद रंगला आणि योहाननने टोला हाणला, दरोडेखोराला आपला धंदा ठाऊक असणारच! घाव वर्मी बसला. रेश लाकिशने अंथरूण धरलं आणि तो गेला. त्याच्या शोकात योहाननचं भान हरपलं.

पश्चात्तापाची ही परंपरा कोकणातही होती: तिथल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात योम किप्पूर हा पूर्वी ‘दारफळणीचा सण’ असे. घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास पाळायचा. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: त्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी.

विसाव्या शतकाने पश्चात्ताप आणि क्षमेच्या या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. नाझी छळछावणीतला कैदी सायमन विझेन्थाल याला नाझींच्या एसएस दलातल्या मरणासन्न सैनिकाने ज्यूंच्या हत्येची कबुली देऊन क्षमा मागितली. विझेन्थाल काही न बोलता निघून गेला. ‘सूर्यफूल’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तकात त्याने हा प्रसंग मांडला आणि आपण बरोबर वागलो का, असं अनेक विचारवंतांना विचारलं. त्यांतले ज्यू विचारवंत अब्राहम हेशेल यांचं उत्तर मिशनेच्याच वाटेने गेलं: दुसऱ्यावर झालेल्या अपराधाची क्षमा तिसऱ्याला करता येत नाही. इथे तर ज्यांनी ती करायची, ते मारले गेले होते.