एकही खिळा नसलेलं जहाज: अजिंठ्याच्या चित्रातून थेट मस्कतपर्यंत

एकही खिळा न ठोकता, नुसतं दोरीनं शिवून बांधलेलं जहाज अरबी समुद्र पार करू शकतं का? भारतीय नौदलाच्या 'आयएनएसव्ही कौंडिण्य'नं ते करून दाखवलं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालेलं हे शिडाचं जहाज १४ जानेवारी २०२६ ला ओमानमधल्या मस्कतला पोहोचलं. आणि ते बांधलं गेलं महाराष्ट्रातल्या एका चित्रावरून.

चित्र कुठे आहे?

अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मध्ये. पाचव्या शतकातल्या या चित्रात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा आहे. चंदन आणायला गेलेल्या त्याच्या भावाचं जहाज वादळात सापडतं. तीन डोलकाठ्या, उभी चौकोनी शिडं आणि मागच्या बाजूला रचलेले रांजण चित्रात दिसतात.

पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपारा परिसरातला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावं येतात. आपल्या जुन्नरहून नाणेघाट उतरून माल याच किनाऱ्याकडे जायचा.

जहाज शिवतात कसं?

फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना घट्ट बांधतात. मग राळ वापरून फटी बुजवतात. दोरी गंजत नाही. शिवाय लाट आदळली की असं जहाज थोडं लवतं, त्यामुळे धक्का सोसतं. दोरीची देखभाल मात्र सतत करावी लागते.

मग अडचण काय होती?

चित्रात जहाज फक्त बाहेरून दिसतं. आतली रचना कशी, तळ किती खोल, हे त्यातून कळत नाही. त्या काळचा कोणताही आराखडा उरलेला नाही. म्हणून नौदलानं रचना नव्यानं आखली आणि आयआयटी मद्रासमध्ये तिच्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. प्रत्यक्ष बांधणी गोव्यातल्या 'होडी इनोव्हेशन्स'मध्ये झाली. फळ्या शिवल्या त्या केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या कारागिरांनी.

म्हणजे 'कौंडिण्य' ही जुन्या जहाजाची हुबेहूब नक्कल नाही. आकार भिंतीवरून मिळाला, हिशेब अभियंत्यांनी केला. पण टाका कसा घालायचा, हे कारागिरांच्या हातांनाच माहीत होतं. असे हात आता मोजकेच उरलेत. त्यांनी ही कला पुढच्या पिढीला शिकवली नाही, तर चित्र असूनही पुढचं जहाज शिवता येणार नाही.