निळ्या शाईतली वीज

हातातल्या या अंकात एखादं निळं चित्र असेल, तर त्यावर क्षणभर बोट ठेवा. चाररंगी छपाईतला निळा म्हणजे बहुतेक वेळा कॉपर थॅलोसायनिन. ऑइलपेंटच्या डब्यात तेच, प्लॅस्टिकच्या बादलीत तेच. स्वस्त, आणि उन्हाला सहजासहजी दाद न देणारं. या निळ्या भुकटीतून वीज काढण्याचा खटाटोप एका रसायनतज्ज्ञानं १९७०च्या दशकात मांडला. त्याचं नाव चिंग टँग.

जन्म हाँगकाँगचा, १९४७चा. पदवी कॅनडात, पीएच.डी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, आणि १९७५ साली रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत नोकरी. १९७३चा तेलाचा भडका ताजा होता. सूर्यापासून वीज मिळवण्याचे मनसुबे जगभर रचले जात होते. फिल्म विकणाऱ्या कोडॅककडे रंगद्रव्यांची जाण मुबलक होती.

रंगद्रव्यांतून वीज खेळवणाऱ्या या शाखेला ‘सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी’ म्हणतात. सेंद्रिय म्हटल्यावर आपल्याला गूळ आणि शेणखत आठवतं, पण इथे त्याचा अर्थ एवढाच, की पदार्थाचे रेणू कार्बनचे.

अडचण मूलभूत होती. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होऊन पळू लागतो. कार्बनी रंगद्रव्यात तो मोकळा होत नाही. त्याच्यामागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, त्याला धरून ठेवते. ही जोडगोळी कशीबशी दहा-वीस नॅनोमीटर सरकते आणि विझते. मिळालेली ऊर्जा वाया. म्हणून एकाच रंगद्रव्याचा थर दोन धातूंमध्ये दाबून केलेल्या घटांची कार्यक्षमता टक्क्याच्या अगदी क्षुल्लक अंशात अडकली होती.

टँगनं एकाऐवजी दोन थर दिले. खाली थॅलोसायनिन, वर पेरिलीन जातीचं दुसरं रंगद्रव्य, ज्याला इलेक्ट्रॉनची ओढ जास्त. जोडगोळी दोन थरांच्या सीमेवर पोचली की फुटते: इलेक्ट्रॉन एकीकडे, होल दुसरीकडे. भुकटी निर्वात पेटीत तापवायची आणि तिची वाफ काचेवर बसवायची, अशी कृती. १९७९मध्ये पेटंट मिळालं. गाजलेला शोधनिबंध १९८६चा. कार्यक्षमता? जेमतेम एक टक्का. आज हसू येईल, पण या क्षेत्रातली पुढची जवळजवळ सगळी इमारत त्या दोन थरांवरच उभी आहे.

पुढच्याच वर्षी, १९८७मध्ये, स्टीव्हन व्हॅन स्लाइक या सहकाऱ्यासोबत त्यानं गाडी उलटी चालवली. प्रकाश घालून वीज काढण्याऐवजी वीज घालून प्रकाश. पुन्हा दोनच थर, एकातून होल येणार, दुसऱ्यातून इलेक्ट्रॉन, आणि सीमेपाशी भेट झाली की हिरवा उजेड. त्याआधी अँथ्रासीनच्या स्फटिकातून असा उजेड काढायला शेकडो व्होल्ट लागत; इथे दहा व्होल्टच्या आत काम झालं. दोन्ही थरांची जाडी मिळून केसाच्या जाडीच्या कित्येकशे पट कमी. तोच आपल्या मोबाइलमधला ओएलईडी.

कोडॅकचं नशीब मात्र विचित्र. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुनाही तिथेच, टँग रुजू झाला त्याच १९७५ साली बनला होता. दोन्ही शोध घरचे, दोन्हींचं पीक दुसऱ्यांनी कापलं. ओएलईडीचा व्यवसाय कोडॅकनं २००९मध्ये कोरियाच्या एलजी समूहाला विकला आणि जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. टँग त्याआधीच, २००६मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला होता. २०११मध्ये वुल्फ पारितोषिक, २०१९मध्ये क्योटो. नोबेल नाही, माझ्या मते तो समितीचा करंटेपणा.

आणि सौर घट? ते रखडले, पण मेले नाहीत. २०१९मध्ये चीनमधल्या यिंगपिंग झोऊ यांच्या गटानं वाय-६ नावाचा रेणू वापरून साडेपंधरा टक्क्यांचा टप्पा ओलांडला. आता प्रयोगशाळेतले आकडे एकोणीसच्या पुढे गेले आहेत. टिकाऊपणात ते अजून सिलिकॉनच्या मागेच आहेत. पण वजनानं हलके आणि वाकणारे असल्यानं, जड पॅनेल पेलत नाहीत अशा छपरांवर त्यांच्या पट्ट्या चिकटवता येतात. जर्मनीत ड्रेस्डेनची हेलिआटेक कंपनी तशा पट्ट्या बनवते, तेही टँगसारखीच निर्वातात वाफ बसवून.

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, पणत्या विझल्यावर, खोलीत पूर्ण अंधार करा आणि मोबाइलवर निव्वळ काळं चित्र उघडा. पडदा करडा उजळत राहिला तर तो साधा एलसीडी. अंधारात साफ दिसेनासा झाला, तर तुमच्या हातात टँगचे थर आहेत.