जुन्या ट्रॅक्टरची ताकद मधूनच का कमी होते?

जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यात चढाच्या रानात ऐन पेरणीत जुना ट्रॅक्टर दम टाकतो. थोडा वेळ उभा केला की पुन्हा चालतो. वापशाचे दिवस मोजकेच असतात, म्हणून घाईने इंजिन न खोलता शेतकरी बंधूंनी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) इंजिनचा वेग कायम असूनही चाके मंद फिरत असतील, तर क्लच घसरतो असे समजावे. प्रथम क्लच पेडलचे मोकळे अंतर तपासून घ्यावे.

२) इंजिनच मंदावत असेल, तर डिझेल टाकीचे झाकण सैल करून पाहावे. ताकद परत आल्यास झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. टाकीत हवा न शिरल्याने डिझेल ओढले जात नाही. ट्रॅक्टर उभा राहिला की हवा हळूहळू शिरते व तो पुन्हा चालतो. छिद्र साफ करावे.

३) फरक न पडल्यास डिझेल फिल्टरमधील पाणी व गाळ काढावा, गरजेनुसार फिल्टर बदलावा. नंतर स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी.

४) काळा धूर येत असल्यास एअर क्लीनर साफ करावा. तो तेलाचा असल्यास धुळीच्या कामात त्यातील तेल रोज पाहावे.

इंजिन चालू असताना नोझलच्या नळीची गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील डिझेल कातडीत शिरते. पंप व नोझलचे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. रोज सायंकाळी टाकी भरून ठेवल्यास रात्री आत दव धरत नाही व डिझेलमध्ये पाणी होत नाही.