चाळिशीनंतरचे ‘अपेंडिक्स’: दुखणे थांबले तरी तपासणी का थांबवू नये?

उजव्या कुशीत कळ आली की घरात कुणीतरी ‘अपेंडिक्स असेल’ म्हणतेच. विशीतल्या पोराच्या बाबतीत हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. पन्नाशीच्या माणसाच्या बाबतीत मात्र जरा सावध राहावे लागते. क्वचित का होईना, त्याच जागी मोठ्या आतड्याचा कॅन्सर दडलेला असतो.

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा पहिला भाग असतो. डॉक्टर त्याला सीकम म्हणतात. अपेंडिक्स म्हणजे या पिशवीला लोंबणारी, करंगळीसारखी बंद नळी. सीकममध्ये गाठ वाढून तिने या नळीचे तोंड बंद केले, की आत स्राव साठतो, जंतू वाढतात आणि नळी सुजते. म्हणजे अपेंडिक्सची सूज खरीच असते, तिच्यामागचे कारण तेवढे वेगळे. कधी गाठीपाशीच आतडे फुटून पू होतो आणि सोनोग्राफीत तो अपेंडिक्सचा गोळा वाटतो.

पू झाला असेल तर लगेच ऑपरेशन न करता सलाइनमधून अँटिबायोटिक देतात. ही पद्धत चुकीची नाही. ताप उतरतो, दुखणे थांबते, पेशंट घरी येतो. ‘बरं झालं, ऑपरेशन टळलं!’ पण फसगत होते ती इथेच. औषधाने सूज जाते, गाठ जात नाही.

फिनलंडमध्ये अपेंडिक्सभोवती पू झालेल्या ६० पेशंटांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गाठी इतक्या निघाल्या की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. एकूण १२ जणांत गाठ सापडली आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. हा आकडा पू झालेल्यांचा आहे, साध्या अपेंडिक्सला तो लावू नये. शिवाय प्रत्येक गाठ आतड्याच्या कॅन्सरची नव्हती. तरीही २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पू किंवा गोळा होऊन ऑपरेशनविना बऱ्या झालेल्या चाळिशीपुढच्या पेशंटची कोलोनोस्कोपी आणि पुन्हा सीटी स्कॅन करावा. दुर्बिणीची ही तपासणी साधारण दीड महिन्याने, सूज ओसरल्यावर करतात.

काही खुणा आधीपासूनच असतात. उजव्या बाजूचे मोठे आतडे रुंद, त्यातला मल पातळ, त्यामुळे रस्ता लवकर अडत नाही. रक्त झिरपते पण डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता थकतो, धाप लागते, हिमोग्लोबिन उतरते. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडून रक्त कमी झाले, तर नुसत्या टॉनिकवर भागवू नये. वजन घटणे, शौचाची सवय बदलणे, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणे, हेही डॉक्टरांना सांगावे. आपल्याकडे याच जागी आतड्याचा टीबीही होतो आणि स्कॅनमध्ये तो कॅन्सरसारखाच दिसू शकतो. त्यामुळे तुकडा काढून तपासल्याशिवाय घाबरण्यातही अर्थ नाही.

सीमाभागात ऑपरेशन बेळगावला, टाके काढायला चंदगडला, पुढचे दाखवायला कोल्हापूर नाहीतर गोव्याला, असे चालते. काढलेल्या अपेंडिक्सचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. तो रिपोर्ट मागून घ्यावा आणि फाइलला लावावा. त्यात कॅन्सर निघाला तर उजव्या बाजूचे आतडे आणि लगतच्या लसिकाग्रंथी काढण्याचे दुसरे ऑपरेशन लागू शकते, आणि पुढच्या डॉक्टरांना ते याच कागदावरून कळते.