गीझरला फिल्टर लावावा का?

पारोळ्यासारख्या गावात बोअरचे दुष्फेन पाणी वापरणाऱ्या घरी गीझरची कॉइल काढून पाहा. तिच्यावर पांढरा, टणक थर असतो. नळावर चुंबकीय फिल्टर बसवल्याने तो टळेल का?

युरोपात घरे उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांत तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते. आतले लोखंड गंजून मॅग्नेटाइटचा काळा गाळ बनतो. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून तिथे असा फिल्टर खरोखर कामाचा.

आपल्या गीझरमध्ये रोज नवे पाणी येते. त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असल्याने कोणत्याही जाळीतून पार जाते. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट उरते. म्हणजे थर फिल्टरच्या पुढेच जन्मतो! लिटरमागे 300 मिलिग्रॅम कठीणपणा धरला, तर 100 लिटरांत 30 ग्रॅम होतात. त्याचा दहावा भाग बसला तरी वर्षाला किलोभर.

जाळीचा फिल्टर वाळू अडवतो, एवढेच. चुंबकाने क्षारांचे स्वरूप बदलते, असे विक्रेते सांगतात; प्रयोगांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. मी त्यावर पैसे खर्च करणार नाही. क्षार काढायचे तर आयन-विनिमय करणारा सॉफ्टनर हवा. तो महाग वाटल्यास पाणी बेताचेच तापवावे आणि वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्यावी.

थराचा तुकडा वर्गात आणा. आधी त्याला चुंबक लावा, मग त्यावर व्हिनेगर टाका, आणि बुडबुडे कशाचे ते मुलांना विचारा.