एक अधिक दोन, बरोबर तीन
लेखमाला : खेळ घडवणारी माणसं / लेखांक ६

६ फेब्रुवारी २०१४ रोजी आयफोनवर ‘थ्रीज’ नावाचा खेळ आला. चार आडव्या, चार उभ्या घरांचा पट आणि त्यावर अंकांच्या सोंगट्या. बोटाने पट सरकवला की एक आणि दोन मिळून तीन होतात. त्यापुढे सारख्याला सारखंच लागतं : तीन-तीनचे सहा, सहा-सहाचे बारा, बारा-बाराचे चोवीस. ॲशर व्होल्मरने खेळ रचला, ग्रेग वोलवेंडने त्याला रूप दिलं आणि जिमी हिन्सनने संगीत. किंमत १.९९ डॉलर. नियम दोन मिनिटांत कळतो, त्यामुळे तो दोन दिवसांत सुचला असेल असं कोणालाही वाटावं. प्रत्यक्षात १४ महिने लागले होते.

काही आठवड्यांतच नकला येऊ लागल्या. ‘१०२४’ नावाचा, जवळपास तसाच खेळ फुकट मिळू लागला. पाठोपाठ मार्चमध्ये गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने ‘२०४८’ वेबवर ठेवला. तो त्याने एका शनिवार-रविवारात लिहिला होता. आधार कशाचा घेतला हे त्याने सांगितलं होतं, पैसे मागितले नव्हते आणि कोडही सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. त्याच्या हेतूत मला काही खोट दिसत नाही. पण त्या खुल्या कोडवरून आणि कल्पनेवरून इतरांनी जाहिरातींची ॲप काढली आणि त्यांतलं ‘केचॅप’ या फ्रेंच कंपनीचं ॲप घरोघरी पोचलं. २०१६ मध्ये ‘युबिसॉफ्ट’ने ती कंपनीच विकत घेतली.

कमाई हातची गेली हे दुःख होतंच. त्याहून वाईट असं की लोक ‘थ्रीज’लाच ‘२०४८’ची नक्कल म्हणू लागले.

त्यावर व्होल्मर आणि वोलवेंड यांनी केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळ घडत असताना एकमेकांना लिहिलेल्या पाचशेहून जास्त ई-मेल त्यांनी जाहीर केल्या. त्या वाचताना १४ महिने कुठे गेले ते समजतं. सोंगट्यांना सुशीचं रूप देऊन पाहिलं, मग आणखी कसलं, मग आणखी कसलं. अखेर साधे अंकच बरे, इथे ते परत आले. नियमांचंही तेच झालं. ‘२०४८’मध्ये सोंगटी पार भिंतीपर्यंत घसरत जाते, ‘थ्रीज’मध्ये ती एकच घर सरकते. ‘२०४८’मध्ये नवी सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात उगवते, ‘थ्रीज’मध्ये आपण जिकडून ढकललं त्या कडेने ती आत येते, आणि पुढे काय येणार याची खूण आधी दिसते. एकाला एक चालत नाही, दोनला दोन चालत नाही. त्यामुळे एक कोपऱ्यात आणि दोन दुसऱ्या टोकाला अडकले की त्यांची गाठ घालण्यासाठी पुढच्या चार-पाच चाली मनात मांडाव्या लागतात. ‘२०४८’मध्ये दोन-तीन दिशा आलटून पालटून दाबत राहिलं तरी बरंच पुढे जाता येतं, अशी दोघांची तक्रार होती. तसल्या सोप्या वाटा त्यांनी आधीच चालून पाहिल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या.

नक्कल करणाऱ्याला उरलेला एक नियम फुकट मिळतो. जे टाकून दिलं त्याचा खर्च मूळ माणसाने केलेला असतो, आणि त्या खर्चाला कायद्यात कुठलंही नाव नाही.

कारण कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. रमीचे नियम कोणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या चित्रकाराने पत्त्यांवर काढलेले राजा-राणी त्याचेच. व्हिडिओ गेममध्ये चित्रं, संगीत, संवाद, पात्रं आणि कोड यांना संरक्षण आहे. खेळण्याच्या रीतीला नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात हीच रेघ ओढली. ‘हम हिंदुस्तानी’ नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे होता, पण विषय कोणाचीही मक्तेदारी नाही आणि मांडणी पुरेशी वेगळी आहे, असं म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. ‘२०४८’ने ‘थ्रीज’चं एकही चित्र, एकही सूर घेतला नव्हता. कोर्टात जाऊन हाती काही लागलं नसतं.

मग छोट्याने कोर्टाची पायरी चढूच नये का? ‘ट्रिपल टाउन’ची गोष्ट वेगळं सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ‘स्प्राय फॉक्स’ या छोट्या कंपनीचा हा खेळ. तीन गवतं जुळवली की झुडूप, तीन झुडपांचं झाड, तीन झाडांची झोपडी. मध्येमध्ये अस्वलं येऊन जागा अडवतात. हा खेळ प्रकाशित करण्याबद्दल ‘सिक्सवेव्ह्ज’ या मोठ्या कंपनीशी बोलणी चालू होती, आणि गुप्ततेच्या करारावर त्यांना तो आतून पाहायला दिला होता. ‘स्प्राय फॉक्स’चा आरोप असा, की बोलणी चालू असतानाच समोरची मंडळी ‘यती टाउन’ तयार करत होती. गवताच्या जागी बर्फातली रोपटी, अस्वलांच्या जागी यती, बाकी तेच.

जानेवारी २०१२ मध्ये दावा दाखल झाला. तो सुरुवातीलाच फेटाळावा ही मागणी न्यायाधीश रिचर्ड जोन्स यांनी सप्टेंबरमध्ये नाकारली. जुळवत-जुळवत वरच्या पायरीला जाण्याची कल्पना कोणाचीही नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण त्या पायऱ्या रोपापासून घरापर्यंतच असाव्यात, त्या माळावर असाव्यात, तिथे रानटी प्राण्यांनी वाट अडवावी, ही एकत्र निवड म्हणजे मांडणी. आणि बर्फाचं मैदान गवताच्या मैदानापासून फारसं लांब नाही. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली आणि ‘यती टाउन’ची मालकी ‘स्प्राय फॉक्स’कडे आली. त्याच वर्षी न्यू जर्सीत ‘टेट्रिस’च्या मालकांनीही ‘मिनो’ या नकलेविरुद्धचा खटला याच तत्त्वावर जिंकला होता.

म्हणजे खेळात जग असेल, पात्रं असतील, तर कायद्याला पकडायला काही तरी सापडतं. ‘थ्रीज’सारखा खेळ जितका नितळ, तितका उघड्यावर. सगळ्यांत सुंदर रचनेला सगळ्यांत कमी संरक्षण मिळतं, हे मला मनापासून खुपतं.

तरीही ही रेघ पुसावी असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण कोलकात्यात आहे. रजत आणि जयंत अग्रवाला या भावांनी स्क्रॅबलच्या धर्तीवर केलेला ‘स्क्रॅब्युलस’ २००७-०८ च्या सुमारास फेसबुकवर जगभर खेळला जात होता. अमेरिका आणि कॅनडाबाहेर स्क्रॅबलचे हक्क असलेल्या ‘मॅटेल’ने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००८ मध्ये न्या. एस. रवींद्र भट यांनी अंतरिम आदेश दिला. पटाच्या रचनेवर आणि नियमांवर कॉपीराइटचा हक्क त्यांनी मान्य केला नाही. नाव मात्र ट्रेडमार्कशी गोंधळ घालणारं असल्याने ते वापरायला मनाई केली. खेळ ‘लेक्स्युलस’ या नव्या नावाने चालू राहिला. इथे लहान होते ते भाऊ आणि बलाढ्य होती ती कंपनी. नियमांवर मालकी मान्य झाली असती, तर तिचा पहिला उपयोग ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांनीच केला असता, आणि त्याखाली आजचे बहुतेक छोटे निर्माते चिरडले गेले असते. व्हिडिओ गेममधलं उडी मारून फरशीवर चढणं हेही कधीतरी कोणी तरी पहिल्यांदा केलंच होतं.

कायदा थांबतो तिथे जबाबदारी ॲप विकणाऱ्या दुकानांची आहे, आणि ती नीट पाळली जात नाही. ॲपलच्या नियमावलीत नकलांसाठी ४.१ हे स्वतंत्र कलम आहे. तरी तक्रार केली की बहुतेकदा ती समोरच्याकडे पाठवून ‘आपसांत मिटवा’ म्हटलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’चा ‘अनपॅकिंग’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. घर बदलताना खोक्यांतून एकेक वस्तू काढून लावायच्या, आणि त्या वस्तूंतून एका बाईचं आयुष्य उलगडत जातं. जानेवारीत ‘अनपॅकिंग मास्टर’ नावाची नक्कल थेट ॲपस्टोरच्या वरच्या क्रमांकांवर. खोल्यासुद्धा सारख्या. मूळ निर्मात्यांनी चित्रं शेजारी-शेजारी ठेवून जाहीर दाद मागितली, खेळाडूंनी गलका केला, तेव्हा ती उतरली.

‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ने दुसरा मार्ग धरला. लुका गलांतेचा हा खेळ संगणकावर गाजला आणि फोनवर त्याच्या हुबेहूब नकला येऊ लागल्या. त्यांत चोरलेलं कोड आणि चित्रंही होती. मग चमूने घाईने स्वतःची फोनची आवृत्ती तयार केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती फुकट दिली. जाहिरात पाहायची की नाही, हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं.

आता आपल्याकडच्या दोघा-तिघा मित्रांच्या चमूसाठी. भारतात कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही; काम तयार होताच हक्क लागू होतो, नोंदणी पुराव्यापुरती. म्हणून कोडच्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद, कच्ची रेखाटनं, आपसांतले निरोप, काहीही पुसू नका. खेळाच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी आधी करा. अग्रवालांच्या खटल्यात ‘मॅटेल’चा टिकला तो नावावरचाच हक्क. एखाद्या संकेतस्थळावर तुमची चित्रं किंवा कोड दिसलं, तर कॉपीराइट कायद्याच्या ५२(१)(ग) कलमाखाली लेखी तक्रार करता येते. तक्रार पटली तर २०१३ च्या नियमांनुसार ३६ तासांत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद करावा लागतो. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा चालू होऊ शकतो.

पण त्याआधी स्वतःचं घर तपासा. तुमच्या खेळाचं संगीत ओळखीच्या एका मुलाने दिलं, चित्रं कोल्हापूरच्या मैत्रिणीने काढली, पैसेही दिले. ती माणसं तुमच्या नोकरीत नव्हती, तर पहिले मालक तेच ठरू शकतात. हक्क तुमच्याकडे यायला कलम १९ प्रमाणे सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकल्या जाणाऱ्या खेळासाठी हे दोन कोरे रकाने फार महाग पडतात. पुढच्या लेखांकात असा एक करार कलमवार लिहून काढू.